सिनेटमधली शिक्षकाची खुर्ची

मुंबई विद्यापीठाचा कायदा 18 जुलै 1857 रोजी झाला. सिनेटवर हुद्द्याने कोणी बसायचे, हे त्यातच ठरवून दिले होते. मुख्य न्यायाधीश, मुंबईचे बिशप, गव्हर्नरच्या कौन्सिलचे सभासद, शिक्षणखात्याचे संचालक. सरकारी कॉलेजांचे प्राचार्यही होते, तेही हुद्द्यानेच. बाकीच्या फेलोंची नेमणूक सरकारची, आणि त्यांत नाना शंकरशेटही होते. पण केवळ वर्गात शिकवतो म्हणून कोणाला जागा मिळावी, अशी तरतूद त्या कायद्यात नव्हती. अभ्यासक्रम, नेमणुका आणि पैसा यांवरून आपल्या विद्यापीठांत आजवर जे वाद झाले, त्यांतल्या बऱ्याच वादांचे मूळ मला या उणिवेत दिसते.

युरोपातल्या जुन्या विद्यापीठांची रीत वेगळी होती. बोलोन्यात विद्यार्थ्यांचा संघ अध्यापकांना पगारावर ठेवी आणि उशिरा येणाऱ्याला दंड करी. पॅरिसमध्ये सत्ता अध्यापकांच्या संघाची होती. व्याख्याने कशी आणि केव्हा द्यायची, याचे नियम करण्याचा त्यांचा हक्क पोप नववे ग्रेगरी यांनी 1231 मध्ये मान्य केला. मुंबईने मात्र यांपैकी कोणाचाच कित्ता गिरवला नाही. 1854 च्या वुडच्या खलित्याने नमुना म्हणून लंडन विद्यापीठाकडे बोट दाखवले होते. 1836 साली सनद मिळालेले ते विद्यापीठ शिकवत नसे. शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, आणि वर सरकारने नेमलेली सिनेट. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला शिक्षकांच्या मताची गरज वाटली नाही, तर नवल काय?

तरी त्या सिनेटने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेले न्यायमूर्ती रानडे 1865 मध्ये फेलो झाले. विद्यापीठाने आरंभी अभ्यासक्रमात ठेवलेली मराठी 1860 च्या दशकातच पदवी परीक्षेतून काढून टाकली होती. देशी भाषांत उच्च शिक्षणाला पुरेसे वाङ्मय नाही, हा त्यामागचा आक्षेप. रानड्यांनी ही गोष्ट सोडली नाही. सिनेटमध्ये ठराव मांडायचे, हरायचे, मराठी ग्रंथांची माहिती गोळा करून पुन्हा उभे राहायचे, असे वर्षानुवर्षे चालले. त्यांच्या अखेरच्या काळात एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा शिरकाव झाला. हा लढा लढणारा माणूस पेशाने न्यायाधीश होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आज मराठीत एम.ए. करणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत वाचावी.

1904 चा लॉर्ड कर्झनचा कायदा आपल्याकडे फक्त दडपशाहीचा म्हणून ओळखला जातो. त्याला कारणही आहे. मुंबईच्या सिनेटची कमाल संख्या 100 ठरली, तीत निवडून येणारे 20, बाकी बहुतेक सरकारनियुक्त. फर्ग्युसनमध्ये अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात त्याविरुद्ध जीव तोडून बोलले, आणि सरकारी पकडीबद्दलची त्यांची भीती रास्तच होती. पण त्याच कायद्यात एक कलम असे होते, की विद्याशाखांनी निवडलेल्या आणि कुलपतींनी नेमलेल्या फेलोंपैकी किमान दोन पंचमांश शिक्षणाच्या पेशातले असावेत. तोवरची हयातभराची फेलोशिपही पाच वर्षांवर आली. शिक्षकाला कायद्याने पहिली हमी मिळाली ती अशी, नको असलेल्या हातून.

त्याच कायद्याने विद्यापीठाला स्वतः शिकवण्याची आणि प्राध्यापक नेमण्याची मुभा दिली. 1919 मध्ये पॅट्रिक गेडेस समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना विद्यापीठाने इंग्लंडला शिकायला धाडले आणि 1924 मध्ये विभाग त्यांच्या हाती दिला. दरम्यान कलकत्ता विद्यापीठासाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने अभ्यासाचे प्रश्न शिक्षकांच्या वेगळ्या परिषदेकडे सोपवावेत असे सुचवले होते. मुंबईत ही अ‍ॅकॅडमिक काउन्सिल 1928 च्या कायद्याने आली. म्हणजे विद्यापीठ स्थापन झाल्यावर एकाहत्तर वर्षांनी.

आजचा कायदा 2016 चा. एखाद्या पेपरमधले पुस्तक बदलायचे असेल, तर विषय आधी अभ्यासमंडळात येतो. सात-आठ प्राध्यापक टेबलाभोवती बसतात, मागच्या बैठकीचे इतिवृत्त कायम होते, मग कुठले प्रकरण ठेवायचे, क्रेडिट किती, संदर्भग्रंथ बाजारात मिळतो का, यावर खल होतो. तिथून प्रस्ताव विद्याशाखेकडे आणि पुढे विद्यापरिषदेकडे, म्हणजे अ‍ॅकॅडमिक काउन्सिलकडे जातो. हे काम संथ आणि किचकट आहे, पण विद्यापीठाचा जीव त्यातच आहे. अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, 10 पदवीधर जागांच्या निवडणुकीला वर्तमानपत्रांत मोठे मथळे मिळतात, अभ्यासमंडळाच्या बैठकीला एक ओळही मिळत नाही, याचे मला वाईट वाटते. 2010 मध्ये विद्यार्थी संघटनेच्या आंदोलनानंतर रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून निघाली, ती कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात. नेहमीच्या संथ वाटेने तो निर्णय झाला नाही.

पैशाच्या बाबतीत परिषदांचा हात आणखी आखडता आहे. अर्थसंकल्प वित्त व लेखा समितीकडून व्यवस्थापन परिषदेकडे आणि तिथून अधिसभेपुढे येतो, पण अनुदानित पदांचे पगार राज्याच्या तिजोरीतून येतात. त्यामुळे आरक्षणाची बिंदुनामावली तपासून झाली, निवड समितीची तयारी असली, तरी पद भरायला मंत्रालयाची परवानगी लागते. ती लांबली, की वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. नवा अभ्यासक्रम पहिल्यांदा शिकवून पाहतात तेच, आणि कुठला भाग मुलांना झेपत नाही हेही सर्वांत आधी त्यांनाच कळते. शिक्षक मतदारसंघाच्या यादीत मात्र त्यांची नावे नसतात, कारण तिथे पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षकच धरले जातात. त्यांना अभ्यासमंडळावर निदान एक जागा मिळायला हवी. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, आणि ती विधिमंडळालाच करावी लागेल.