हैबतबाबांची पायरी आणि दिंडीतली भांडणं

शंभर वर्षं दिंडी चालली म्हणजे शंभर वर्षं कुणीतरी ती चालवली. तलवाड्यातून निघताना त्वरितादेवीच्या डोंगराला हात जोडायचे, वीणा गळ्यात घ्यायची आणि पंढरीची वाट धरायची, हे सगळ्यांना दिसतं. चालकाचं दुखणं कुणाला दिसत नाही. कुणाची भिशी राहिली, कुणाचा बिछाना ट्रकात बसला नाही, कीर्तनाची पाळी कुणाची, टँकर अजून का आला नाही, सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर. "यापेक्षा घरी बसून हरिपाठ म्हणलेला बरा," असं वाटेत एकदा तरी ज्याच्या मनात आलं नाही, असा चालक शोधून सापडायचा नाही.

म्हणून या अंकात हैबतबाबांची आठवण. ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. आपल्या संप्रदायात सांगतात ते असं. नोकरी करून कमाई घेऊन ते गावाकडं निघाले, तर सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडलं, गुहेत कोंडलं आणि तोंडाशी दगड लावला. बाबांनी आत हरिपाठ सुरू केला. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात त्यानं दगड सरकवला, तर आत हरिपाठ चालूच. त्यानं बाबांना सोडून दिलं. आरफळला जाण्याऐवजी बाबा आळंदीला आले आणि माउलींच्या समाधीपुढं रात्र रात्र भजन करू लागले.

इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मला पुढची जास्त मोलाची वाटते. गुहेत एकट्यानं नाम घेणं एक, आणि दहा जणांची तोंडं दहा दिशांना असताना नाम चालू ठेवणं वेगळं.

तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत घालून वारी सुरू केली. पुढं दीडेकशे वर्षांत त्या पालखीच्या हक्कावरून देहूत वाद लागले. आता बघा, तुकोबांच्या घरात जर हक्काचा वाद होऊ शकतो, तर आपल्या दिंडीत झाला याचं नवल कशाला? हैबतबाबांनी त्या वादात आपली एक बाजू वाढवली नाही. १८३२ च्या सुमारास त्यांनी माउलींच्या पादुकांची वेगळी पालखी आळंदीहून काढली. हाताशी सरदारकी उरली नव्हती. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची सेवा दिली. वासकरांसारखे फडकरी सोबत आले. अंकलीचे ते दोन घोडे आजही दरसाल आळंदीला चालत येतात.

बाबांनी घालून दिली म्हणून जी शिस्त सांगतात, तिच्यात समाज आरती मला सगळ्यात मोठी वाटते. संध्याकाळी पालखी तळावर आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात. टाळांचा नुसता गजर. चोपदार दंड वर करून हाक देतो आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र गप्प होत नाही, तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिकडं जातो, काय झालं ते विचारतो, मालकांपुढं गोष्ट येते, निवाडा होतो. ते टाळ थांबल्यावर हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात आणि मग आरती.

म्हणजे बाबांनी भांडण नसलेली दिंडी मागितली नाही. भांडायला वेळ नेमून दिली, तीही आरतीच्या आधीची. रुसलेल्याचं ऐकल्याशिवाय देवाची आरती होत नाही.

आपली वाट आळंदीची नाही. मुक्ताईची पालखी गेवराई-बीडवरून जाते, नाथांची आपल्याच जिल्ह्यातून जाते. आपण या मुलखाचे. शंभर वर्षांपूर्वी तर बीड निजामाच्या राज्यात आणि पंढरपूर इंग्रजांच्या, वारी म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणं. पण मुक्कामाला जेवणाआधी सगळ्यांना एकदा गोल उभं करून "कुणाचं काही आहे का?" एवढं विचारायला कोणत्या राज्याची अडचण होती? ज्या दिंड्यांत हे विचारत नाहीत तिथं तक्रार मरत नाही. ती ट्रकाच्या मागं, चहाच्या टपरीवर बोलली जाते, आणि पुढच्या आषाढीला गावातून दोन दिंड्या निघतात. यंदा वीणा नव्या हातात द्यायची आहे. ती घेणाऱ्या पोरांनी चाली पाठ केल्यात, पण हे विचारणंही आत्ताच अंगवळणी पाडून घ्यावं.

हैबतबाबा १८३६ साली गेले. सोहळ्याचं मालकपण आरफळकरांच्या घराण्यात राहिलं, आजही आहे. बाबांची समाधी मात्र आळंदीत माउलींच्या महाद्वारातल्या पहिल्या पायरीशी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या वारकऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून ती जागा त्यांनीच मागून घेतली, असं सांगतात. कार्तिक वद्य अष्टमीला आळंदीचा समाधी सोहळा सुरू होतो, तो या पायरीच्या पूजेनं.