दारात लिली-कमळाचा हौद करताय? आधी डासांचा बंदोबस्त करा, मग फुलांचं बघा

मोबाइलवर व्हिडिओ बघून दारात टबात लिली किंवा कमळ लावायची हौस अनेकांना होते. हौस चांगली आहे, पण साठलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी अंगणातल्या जुन्या हौदात लिली लावली. फूल यायच्या आधीच पाण्यात अळ्या वळवळायला लागल्या. घरोघरी तपासणीला आलेल्या आशाताईंनी टॉर्च मारून दाखवल्या तेव्हा डोळे उघडले. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून ही माहिती.

जागा आणि पाणी
दिवसाला ५-६ तास थेट ऊन लागतं. झाडाखाली ठेवलं तर पानं येतात, फूल येत नाही, शिवाय पाला पडून पाणी कुजतं. २ फूट रुंद आणि १ फूट खोल गोल टबाला ८०-९० लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, वरचेवर भर घालावी लागते. ज्या गावात टँकर येतो, तिथं एका टबावरच भागवा.

भांडं कोणतं?
टब, जुना हौद, जनावरांची डोणी काहीही चालतं. फवारणीच्या औषधाचा ड्रम मात्र कितीही धुतला तरी वापरू नका. नवीन सिमेंटच्या हौदातून चुना सुटतो. दोन-तीन आठवडे पाणी भरून, दोन-तीन वेळा बदलून मगच झाडं व मासे सोडा.

लिली की कमळ?
लिलीच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि पान सहसा पाण्यावर तरंगतं. कमळाचं पान अखंड गोल असतं, ते पाण्याच्या वर उठतं आणि त्यावर थेंब ठरत नाही. पहिल्यांदा लावणाऱ्यांनी लिलीच घ्यावी. कमळाला जास्त रुंद भांडं लागतं. जलपर्णी फुकट मिळाली तरी आणू नका. ती ओढ्यात किंवा विहिरीत गेली तर आवरत नाही.

माती
काळी किंवा तळ्यातली गाळाची माती ६ इंच घ्या. ताजं शेण अजिबात नको. मी घातलं होतं. आठ दिवसांत पाणी हिरवं झालं आणि वास सुटला. महिन्यातून एकदा डीएपीचे ८-१० दाणे कागदात गुंडाळून मातीत खोल खुपसा. पाण्यात टाकले तर शेवाळ माजतं.

डासांचं काय?
डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून टब भरल्यावर लगेच ८-१० गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे आधी विचारा, अनेक ठिकाणी ते मिळतात. नळाचं पाणी असेल तर दोन दिवस उघडं ठेवून मग मासे सोडा. हे मासे ओढ्या-नदीत मात्र टाकू नका. टब रिकामा केला तर कडा ब्रशनं घासून काढा, कारण एडिसची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन् महिने जिवंत राहतात.

आठवड्याची कामं
पिवळी पानं खुडा. टॉर्च मारून अळ्या आहेत का, मासे जिवंत आहेत का ते बघा. काढलेलं पाणी कढीपत्त्याला किंवा शेवग्याला द्या. जवळपास फवारणी करायची असेल तर टब झाका, फवारणीचा पंप तिथं धुऊ नका. काही कीटकनाशकांचा थोडासा अंशही मासे मारतो, आणि मासे गेले की अळ्या परत आल्याच.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं
घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर हौदावर पक्की लोखंडी जाळी बसवा. लहान मुलाला बुडायला फूटभर पाणीही पुरतं. जाळी होत नसेल तर मूल मोठं होईपर्यंत थांबा. लिली पुढच्या वर्षीही लावता येते.