बदलापूर–लंडन : हवाई अंतर व प्रवासकाळ

ठाणे जिल्ह्यातील उल्हास नदीकाठचे बदलापूर आणि लंडन यांच्यातील हवाई अंतर ७,२०० किमी.हून थोडे अधिक आहे. हे अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते अशा वर्तुळावर मोजतात. या वर्तुळाचा दोन स्थळांमधला लहान कंस हाच भूपृष्ठावरील सर्वांत जवळचा मार्ग होय. प्रस्तुत कंस पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, काकेशस आणि दक्षिण युक्रेनवरून जातो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या हद्दीतून उडण्यास मनाई केली. त्यामुळे अंतरांच्या कोष्टकांत दिलेले हवाई अंतर आणि विमानाने प्रत्यक्ष कापलेले अंतर यांत तफावत पडते.

बदलापुरात विमानतळ नसल्याने हा प्रवास मुंबईतून होतो. मुंबई–लंडन सेवा एअर इंडियाने ८ जून १९४८ रोजी कैरो व जिनिव्हामार्गे सुरू केली. त्या पहिल्या उड्डाणाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पंख्यांचे होते. १९६० साली जेट विमाने आल्यावर प्रवासकाळ बराच घटला. ताशी ९०० किमी. वेगाने आज हे अंतर ८ तासांत संपावे, परंतु वेळापत्रकात लंडनकडे जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास धरलेले असतात. याचे एक कारण असे, की वेळापत्रकातील काळ विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटाशी थांबेपर्यंतचा असतो व त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचालही येते. दुसरे कारण म्हणजे सुमारे १० ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वायुप्रवाह. तो जाताना विमानाला अडवतो आणि परतीच्या प्रवासात हातभार लावतो. घड्याळावरून काळ काढताना भारतीय वेळ लंडनहून हिवाळ्यात साडेपाच, तर उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असते, हे ध्यानात घ्यावे लागते.

घर ते घर हिशेब केला, तर विमानातील काळ अपुरा ठरतो. बदलापूरपासून मुंबईचा सहार येथील विमानतळ सरळ रेषेत जेमतेम ४२ किमी. आहे, पण लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रोने मरोळ नाका आणि पुन्हा गाडी बदलून विमानतळ, असा क्रम घ्यावा लागतो. बोजा असलेली कुटुंबे बहुधा काटई नाक्यावरून मोटारीनेच जातात. दोन्ही मार्गांना दोन तास सहज लागतात, शिवाय आंतरराष्ट्रीय प्रवाशाने तीन तास आधी पोहोचणे अपेक्षित असते, म्हणजे विमान हलण्यापूर्वीच पाच तास खर्ची पडतात. पावसाळ्यात हा अंदाजही कोलमडतो : जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणी दरम्यान अडकून हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली होती. केवळ किलोमीटर देणारी कोष्टके घर ते विमानतळ या टप्प्याबाबत निरुपयोगीच म्हणावी लागतील.

सहारपेक्षा जवळचा नवी मुंबई विमानतळ बदलापूरपासून सरळ रेषेत ३० किमी.च्याही आत असला, तरी मलंगगड–माथेरानची डोंगररांग आड येत असल्याने रस्ता वळसा घेतो. तेथून २५ डिसेंबर २०२५ रोजी विमानसेवा सुरू झाली, ती देशांतर्गत उड्डाणांनी.