विमानाच्या अवतरण यंत्रणेतील वायू

विमान जमिनीवर टेकताना बसणारा धक्का सौम्य व्हावा म्हणून चाकांच्या टायरांत व त्यांवरील धक्काशोषक दांड्यांत दाबाखाली भरलेला वायू. सुरुवातीच्या अनेक विमानांत हे काम रबरी दोऱ्यांवर सोपविलेले असे. ताणलेली दोरी घेतलेली ऊर्जा लगेच परत देते, त्यामुळे विमान धावपट्टीवर उसळे. १९१५ च्या सुमारास व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीने तोफेचा मागे येणारा धक्का आवरण्याची युक्ती विमानासाठी योजली. या तैल-वायवीय दांड्यात दट्ट्या आत जाताना तेल अरुंद छिद्रातून रेटले जाते व धक्क्याची बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. दाबला गेलेला वायू स्प्रिंगचे काम करून दट्ट्या पूर्वस्थितीत आणतो.

हवा सहज मिळते. परंतु तिच्यात आकारमानाने सु. २१% ऑक्सिजन असतो. एकाएकी दाबलेली हवा तापते आणि डीझेल एंजिनातील इंधनाप्रमाणे दांड्यातील तेलाची वाफ ठिणगीवाचून पेटू शकते. टायरांत ब्रेकच्या उष्णतेने रबराचे अपघटन होऊन ज्वलनशील बाष्पे सुटतात. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून निघालेल्या बोइंग ७२७ विमानाचा टायर अतितप्त ब्रेकमुळे उड्डाणात फुटला, इंधनाच्या व द्रवीय दाबाच्या नळ्या तुटल्या आणि सर्व १६७ जण मृत्युमुखी पडले. त्या टायरात नायट्रोजनऐवजी हवा भरलेली होती. अमेरिकेच्या नियमांत १९९३ मध्ये सु. ३४,००० किग्रॅ.हून जड वाहतूक विमानांच्या ब्रेकयुक्त चाकांसाठी सर्वसाधारणपणे ५ टक्के ही ऑक्सिजनची कमाल मर्यादा घालण्यात आली. एवढी साधी खबरदारी नियमबद्ध होण्यास फारच विलंब लागला, असे म्हणावे लागते.

हा नायट्रोजन हवेचे द्रवीकरण करून किंवा कार्बनाच्या रेणवीय चाळणीने मिळवितात. चाळणीच्या सूक्ष्म छिद्रांत ऑक्सिजन लवकर शिरतो व नायट्रोजन पुढे जातो. ‘रेणवीय चाळणी’ ही संज्ञा जेम्स विल्यम मॅकबेन यांनी १९३२ मध्ये योजली. चॅबाझाइट या झिओलाइट खनिजाची छिद्रे लहान रेणू आत घेतात व मोठे अडवितात, या गुणधर्मासाठी ती होती. हेच मॅकबेन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक होत. प्रयोगशाळेचे उद्‌घाटन ३ जानेवारी १९५० रोजी जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. १९५२ मध्ये संचालकपदी आलेले जॉर्ज इंगल फिंच यांनी लंडनमध्ये वायूंच्या ज्वलनावर संशोधन केले होते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत कुप्यांतील ऑक्सिजन घेत सु. ८,३२० मी. उंची गाठणारे गिर्यारोहक तेच. अशा रीतीने वायू धरून ठेवणारे घन पदार्थ आणि वायूंचे पेटणे या दोन्ही विषयांचे जाणकार प्रयोगशाळेला प्रारंभीच लाभले, जरी विमान हा त्यांचा मुख्य विषय नव्हता.

पुण्याजवळील वाघोलीच्या बेसाल्टाच्या खाणींत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट इ. झिओलाइटे सापडतात. तेथून जवळच असलेल्या लोहगावच्या धावपट्टीवर उतरणारी एअरबस ए३२० विमाने उपर्युक्त वजनमर्यादेहून बरीच जड आहेत.