शब्दवेध : वानर

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुड भागात ‘वानर’ म्हटलं की काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं जनावरच डोळ्यांपुढे येतं. लाल तोंडाचं ते माकड. हा फरक मराठीने नीट जपला आहे. ‘माकड’ आलं संस्कृत ‘मर्कट’वरून, प्राकृतातल्या ‘मक्कड’च्या वाटेने.

‘वानर’ची फोड ‘वा नर’, म्हणजे ‘हा माणूस तर नव्हे?’, अशी करतात. फोड गोड आहे, पण अभ्यासकांचा कल ‘वन’कडे, रानात राहणारा तो वानर, या अर्थाकडे आहे. तोच पटतो.

रान सोडून गावात आलेले वानर याच तालुक्यातल्या लवूळने पाहिले. कुत्र्यांची पिल्लं उचलून ते थेट झाडावर, घराच्या छतावर नेत. डिसेंबर २०२१मध्ये वनखात्याने दोन वानर पकडले, तेव्हा कुठे गावाने सुस्कारा सोडला.

लवूळच्या वानरांनी गावाला जेरीस आणलं; चिनी पुराणकथेतला बंडखोर वानर सुन वूखोंग तर स्वर्गालाच आव्हान देतो. त्याच्या नावाची घडण मोठी देखणी. माकडासाठीच्या ‘हूसुन’ शब्दातल्या एका अक्षरातलं पशूचं चिन्ह त्याचा गुरू काढून टाकतो. उरतं ‘सुन’, माणसाचं आडनाव! पुढचं ‘वूखोंग’ म्हणजे शून्याचा बोध झालेला. यातला ‘खोंग’ हा बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात आपल्या ‘शून्य’साठी योजलेला शब्द.

हू शी या चिनी पंडिताने १९२३मध्ये या वानराचं मूळ हनुमानात शोधलं. लेखक लू शुन यांना ते चिनी दंतकथेतच दिसलं.