दापोडीची वनस्पतिचित्रे आणि त्यांचा अनामिक चित्रकार

पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे काढून घेतली. वाळवलेल्या नमुन्यात फुलाचा रंग व ठेवण टिकत नाही; चित्रात ती टिकते. त्यामुळे ही चित्रे वैज्ञानिक नोंदीच ठरतात. आज हा संग्रह एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहे. चित्रकाराचे नाव मात्र अज्ञातच आहे. याउलट, मद्रास इलाख्यात काम केलेल्या रॉबर्ट वाइट यांनी आपला चित्रकार गोविंदू याचे नाव ऑर्किडच्या एका वंशास (genus) दिले. विज्ञानेतिहासाच्या अभ्यासकाने संग्राहकाइतकेच चित्रकारासही निरीक्षक मानणे आवश्यक आहे.