स्क्रिप्ट नावाचा निरोप्या

संगणकावर चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या खोलीत कडी लावून बसलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टिम त्याला मेमरीचा स्वतंत्र तुकडा देते आणि शेजाऱ्याच्या तुकड्यात डोकावू देत नाही. त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा वाचतो. पण एकाला दुसऱ्याकडून काही करून घ्यायचे असेल, तर निरोप धाडण्यावाचून मार्ग नसतो. निरोप वाहून नेण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बरीच जुनी आहे. तो लिहायचा कोणी, हा प्रश्न मात्र पुष्कळ काळ लोंबकळत राहिला. मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच तो लिहायचा म्हटले, तर प्रत्येक नव्या गरजेसाठी त्याचे उंबरठे झिजवावे लागतात. वापरणाऱ्याला चार ओळींची स्क्रिप्ट लिहून दोन प्रोग्रॅमची गाठ घालता आली, तर कामाची किल्ली त्याच्या हाती येते.

या विचाराचे पहिले गाजलेले रूप म्हणजे युनिक्सचा पाइप. बेल लॅब्जमधील डग मॅकइलरॉय यांनी 1964 मधल्या एका टिपणात, बागेतल्या नळीला दुसरा तुकडा जोडावा तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, अशी इच्छा मांडली होती. केन थॉम्प्सन यांनी 1973 मध्ये ती युनिक्समध्ये उतरवली. शेलच्या एका ओळीत तीनचार प्रोग्रॅम गुंफता येऊ लागले. पण पाण्यासारखाच पाइपमधला मजकूरही एकाच दिशेने वाहतो, आणि प्रोग्रॅम काम संपले की निघून जातात. पडद्यावर खिडकी उघडून तासन् तास माणसाची वाट पाहणारे एडिटर, चित्रांचे प्रोग्रॅम, फाइलींची यादी दाखवणारे प्रोग्रॅम यांच्यासाठी ती सोय अपुरी होती. असे प्रोग्रॅम 1980 च्या दशकात घरोघरच्या संगणकांवर आले आणि प्रश्न नव्याने उभा राहिला.

त्याचे सर्वांत सहज उत्तर कोमोडोर कंपनीच्या अमिगा या संगणकावर सापडले. 1985 मध्ये आलेल्या या यंत्राचा गाभा कार्ल सासेनराथ यांनी लिहिला होता. त्याचे नाव एक्झेक. एक्झेकमध्ये सगळा व्यवहार निरोपांवरच चाले. प्रोग्रॅम एक पोर्ट उघडून ठेवी, दुसरा त्यात निरोप टाकी, आणि उत्तर कुठे पाठवायचे तो पत्ता त्या निरोपातच लिहिलेला असे. मजकुराची नक्कल केली जात नसे. तो मेमरीत कुठे आहे एवढेच कळवले जाई, कारण अमिगात प्रोग्रॅमच्या मेमरीला भिंतीच नव्हत्या. वर सांगितलेली कडी लावलेली खोली इथे नव्हती. होता तो चाळीतला सामाईक व्हरांडा. त्यामुळे निरोप विलक्षण वेगाने पोहोचत, आणि एखाद्या प्रोग्रॅमने चुकीच्या जागी हात घातला की अख्खे यंत्र कोसळे.

या पायावर विल्यम हॉज यांनी 1987 मध्ये एरेक्स ही स्क्रिप्टची भाषा आणली. ती रेक्स या भाषेची अमिगावरची आवृत्ती. रेक्स आयबीएमच्या माइक कौलिशॉ यांनी 1979 पासून मोठ्या संगणकांसाठी घडवली होती, आणि तिच्यात एक खोड होती: जी ओळ भाषेला स्वतःला कळत नाही, ती चूक म्हणून फेकून न देता बाहेरच्या यजमान प्रोग्रॅमकडे आज्ञा म्हणून पाठवायची. आयबीएममध्ये हा यजमान म्हणजे बहुधा एडिटर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम. हॉज यांनी ही खोड अमिगाच्या पोर्टना जोडली. स्क्रिप्टमध्ये ‘अॅड्रेस’ या शब्दापुढे पोर्टचे नाव लिहिले, की पुढच्या अनोळखी ओळी त्या प्रोग्रॅमकडे जाऊ लागत. नाव बदलले की निरोपांचे तोंड दुसरीकडे वळे. उत्तरात एक आकडा येई: 0 म्हणजे ठीक, 5 म्हणजे इशारा, 10 म्हणजे चूक, 20 म्हणजे काम फसले. मजकूर परत हवा असेल तर तसे आधी सांगून ठेवावे लागे. ते विसरून कोरे उत्तर हाती आल्यावर डोके खाजवणे हा नवख्यांचा ठरलेला अनुभव.

एरेक्सची सगळी ताकद तिच्या साधेपणात होती. निरोप म्हणजे अक्षरांची एक ओळ, त्यापलीकडे काही नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एक पोर्ट उघडायचे आणि आलेली ओळ वाचून आपल्याच मेनूतले एखादे काम करायचे, एवढाच खटाटोप. 1990 मध्ये कोमोडोरने अमिगाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दुसऱ्या आवृत्तीत एरेक्स सोबतच दिली, आणि प्रोग्रॅमला एरेक्स पोर्ट नसणे कमीपणाचे ठरू लागले. सिग्नस एडिटर, आर्ट डिपार्टमेंट प्रोफेशनल, डिरेक्टरी ओपस ही त्या काळची लोकप्रिय नावे. तिन्ही एरेक्सचे निरोप घेत. शंभर चित्रे एका आकारात आणायची असोत की कंपायलरने दाखवलेल्या चुकीच्या ओळीवर एडिटरला नेऊन उभे करायचे असो, लोक स्वतः स्क्रिप्ट लिहीत. कोमोडोरचे दिवाळे 1994 मध्ये वाजले, तेव्हा अमिगाच्या लोकांनी ज्या गोष्टींसाठी हळहळ केली त्यांत एरेक्सही होती.

एरेक्स आली त्याच सुमारास बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन औस्टरहौट वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचत होते. त्यांना चीड होती ती प्रत्येक प्रोग्रॅमने आपली वेगळी, अर्धीकच्ची आज्ञांची भाषा शोधण्याच्या सवयीची. 1988 पासून त्यांनी टीसीएल ही भाषा एक लायब्ररी म्हणून लिहिली. कोणीही ती आपल्या सी प्रोग्रॅममध्ये जोडून घ्यावी. तिच्यासोबत खिडक्या आणि बटणे काढणारे टीके आले, आणि टीकेमध्ये ‘सेंड’ नावाची आज्ञा. समोरच्या प्रोग्रॅमचे नाव आणि टीसीएलची ओळ दिली, की ती ओळ त्या प्रोग्रॅमच्या पोटात जाऊन चाले व उत्तर परत येई. निरोपांसाठी वेगळी यंत्रणा उभारलीच नव्हती. युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिममध्ये खिडकीला माहितीच्या चिठ्ठ्या चिकटवता येतात, त्या चिठ्ठ्यांचाच टपाल म्हणून उपयोग केला. चालू प्रोग्रॅमच्या नावांची वहीसुद्धा पडद्याच्या मूळ खिडकीवर चिकटवलेली असे. युक्ती बिनखर्चाची होती, पण तिच्यात एक मोठे भोक होते. ज्याला तुमच्या पडद्यावर खिडकी उघडता येते, त्याला तुमच्या प्रोग्रॅममध्ये वाटेल ती आज्ञा चालवता येणार, आणि त्या काळी अख्ख्या यंत्राला सरसकट परवानगी देऊन टाकण्याची पद्धत विद्यापीठांत सर्रास होती. पुढे टीकेने अशी ढिली परवानगी दिसली की ‘सेंड’ नाकारायला सुरुवात केली.

अॅपलने हीच गोष्ट फार थाटात केली. 1991 च्या सिस्टिम 7 मध्ये अॅपल इव्हेंट आले आणि 1993 मध्ये त्यांवर अॅपलस्क्रिप्ट. निरोप चारचार अक्षरांच्या संकेतांत बांधलेला असे, तर स्क्रिप्ट जवळजवळ बोलल्यासारखी वाचता येई. फ्रेंच आणि जपानी बोलीही काढल्या होत्या, त्या पुढे सोडून दिल्या. या भाषेतली वाक्ये लांबलचक का, याचे कारण गोडव्यात नाही, यंत्राच्या संथपणात आहे. त्या काळच्या मॅकिन्टॉशवर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जायला वेळ लागे. म्हणून ‘ज्यांचा आकार अमुकपेक्षा मोठा आहे अशा सर्व फाइलींची नावे’ ही मागणी एकाच निरोपात पाठवायची आणि निवडीचे काम समोरच्याने करायचे, अशी रचना ठरली. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचे काम हलके झाले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे मात्र जड झाले, कारण असे वाक्य समजून घेण्याची तयारी प्रत्येकाला करावी लागे, आणि कित्येकांनी ती अर्धीमुर्धीच केली. एरेक्सने जो भार कोणावरच टाकला नव्हता, तो इथे एका बाजूला कलला. विंडोजवर याच कामासाठी डीडीई आणि नंतर ओएलई ऑटोमेशन आले. तिथले यश मुख्यतः एक्सेल आणि वर्ड यांना बेसिक भाषेतून राबवण्यात आहे.

लिनक्सच्या डेस्कटॉपवर हा प्रश्न पोहोचला तेव्हा 1990 चे दशक सरत आले होते आणि विद्वत्तेचा जोर होता. जीनोम आणि केडीई हे डेस्कटॉप घडवणाऱ्या दोन्ही मंडळींनी आधी कोर्बाची कास धरली. कोर्बा म्हणजे मोठ्या उद्योगांसाठी घडवलेले, प्रत्येक गोष्टीचा करार आधी लिहून ठेवायला लावणारे अवजड यंत्र. केडीईने ते दुसऱ्या आवृत्तीच्या वाटेवर सोडले आणि डीकॉप नावाची हलकी व्यवस्था लिहिली. ती 2000 च्या केडीई 2 सोबत आली. मध्ये एक टपालघर, प्रत्येक प्रोग्रॅमचे तिथे नाव, आणि टर्मिनलवर ‘डीकॉप’ एवढीच आज्ञा दिली की चालू प्रोग्रॅमची यादी. त्यापुढे एक नाव टाकले की त्या प्रोग्रॅमच्या वस्तू, आणखी एक टाकले की त्या वस्तूकडून करून घेता येणारी कामे. माहितीपुस्तक न उघडता घराची सगळी दारे हाताने चाचपता येत. कोर्बाच्या पोथ्यांनी जे साधले नाही ते या चाचपण्याने साधले.

जीनोम आणि केडीई यांना एकाच टपालात आणण्यासाठी रेड हॅटमधील हॅवक पेनिंग्टन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये डी-बस सुरू केली. तिच्यावर डीकॉपची छाप उघड आहे. 2006 मध्ये तिची 1.0 आवृत्ती आली आणि 2008 च्या केडीई 4 ने डीकॉप सोडून तीच घेतली. डी-बसमध्ये दोन बस असतात: लॉग-इन केलेल्या माणसाची एक आणि साऱ्या यंत्राची एक. निरोपाचे प्रकार चारच: काम सांगणे, उत्तर देणे, चूक कळवणे आणि ‘असे असे घडले’ अशी दवंडी पिटणे. एका निरोपाची मर्यादा 128 मेबीबाइट. सीमधली मूळ लायब्ररी थेट वापरणाऱ्याच्या नशिबी क्लेशच आहेत, असा इशारा तिच्या कर्त्यांनीच देऊन ठेवला; अपेक्षा अशी की प्रत्येक भाषेने आपली सोयीची लायब्ररी वर चढवावी.

पायथॉनसाठी ती डीबस-पायथॉनने चढवली. स्क्रिप्टमध्ये बस उघडायची, नाव आणि वाट देऊन दूरच्या वस्तूचा प्रतिनिधी मागायचा, आणि त्याला घरच्या वस्तूसारखे कामाला लावायचे. नेटवर्क मॅनेजरला जोडणी विचारणे, ब्लूटूथला उपकरण शोधायला लावणे, पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकवणे ही कामे दहाबारा ओळींत होऊ लागली. पण दोन जगांचा सांधा करकरतोच. डी-बसला प्रत्येक मूल्याचा प्रकार हवा असतो, पायथॉनला त्याची फिकीर नसते. लायब्ररी समोरच्या वस्तूला तिची कामे विचारून घेते आणि नाहीतर अंदाज बांधते. रिकामी यादी दिली तर तिच्यात काय भरायचे होते हे कळायला मार्ग नाही, म्हणून ती हात वर करते. दुसरा खड्डा दवंडीचा. ती ऐकायची तर स्क्रिप्टने घटनांचे चक्र फिरवत बसावे लागते, आणि बस उघडण्यापूर्वीच ते चक्र जोडावे लागते. जोडायचे राहिले तर लायब्ररी चूक दाखवते. जोडून फिरवायचे राहिले तर मात्र दवंडी नुसती ऐकूच येत नाही.

हे टपाल थेट लिनक्सच्या गाभ्यात न्यावे, असा प्रयत्न केडीबस या नावाने 2015 मध्ये झाला. गाभ्याच्या देखभालकर्त्यांत त्यावर कडाक्याचा वाद झाला आणि तो मागे पडला. टपालघर बाहेरच राहिले.

अमिगाच्या व्हरांड्यात ‘तू कोण’ असे कोणी विचारत नव्हते. डी-बसमध्ये बोलणाऱ्याची ओळख लिनक्सकडून पडताळली जाते, आणि यंत्राच्या बसवर परवानगी लिहून ठेवली नसेल तर काम सांगणेच नाकारले जाते. अॅपलनेही 2018 च्या मोहावी आवृत्तीपासून, एक प्रोग्रॅम दुसऱ्याला राबवू लागला की आधी माणसाला विचारायला सुरुवात केली. लिनक्सवरच्या फ्लॅटपॅक या व्यवस्थेच्या बंदिस्त खोलीत चालणाऱ्या प्रोग्रॅमला बसवर सोडताना मध्ये गाळणी बसवलेली असते. तिथून एखाद्या स्क्रिप्टने नावांची यादी मागितली, तर परवानगी असलेली तेवढी नावे दिसतात. बाकीचे प्रोग्रॅम त्याच यंत्रावर चालू असूनही तिच्या लेखी नसतातच.